वाढ सोसण्याचे सामर्थ्य

शेतकऱ्यांच्या संस्था का मोडतात, याची कारणे सांगावयास आपल्याकडे कोणालाही फारसा विचार करावा लागत नाही. दुष्काळ, कोसळलेले भाव, सरकारची बदलती धोरणे, पुढाऱ्यांची भांडणे आणि पैशाची अफरातफर ही यादी सर्वांच्या तोंडपाठ आहे. तीत एका कारणाचा उल्लेख क्वचितच होतो. ते कारण म्हणजे अल्पावधीत पदरी पडलेले यश. संस्था लहान असताना ज्या रीतीने चालते त्या रीतीने ती मोठी झाल्यावर चालू शकत नाही. आणि लहानाची मोठी होण्याचा काळ चार-दोन वर्षांचाच असेल, तर रीत बदलावयास सवडच मिळत नाही. अशा वेळी नेतृत्वाची जी परीक्षा होते ती प्रतिकूल काळातील परीक्षेहून अवघड असते. कारण परीक्षा चालू आहे हेच पुष्कळदा नेतृत्वाच्या ध्यानात येत नाही.

हा प्रश्न आज उपस्थित करण्यास निमित्त आहे. २००२ साली कंपनी कायद्यात दुरुस्ती होऊन शेतकऱ्यांना ‘उत्पादक कंपनी’ स्थापण्याची मुभा मिळाली. सहकारी संस्थेतील ‘एक सभासद, एक मत’ हे तत्त्व तिच्यात राखलेले आहे. सहकार खात्याच्या नियंत्रणातून मात्र ती मोकळी आहे. २०२० साली केंद्र सरकारने दहा हजार शेतकरी उत्पादक संस्था उभारण्याची योजना हाती घेतली आणि २०२५ च्या फेब्रुवारीत दहा हजारावी संस्था नोंदली गेल्याचे जाहीरही झाले. संख्येचे उद्दिष्ट असे गाठले गेले. यापुढचा प्रश्न संख्येचा नाही. यांपैकी ज्या कंपन्या खरोखर चालू लागल्या आहेत, ज्यांच्या दाराशी तीनशेंच्या जागी तीन हजार सभासद येऊन उभे राहत आहेत, त्यांना ही वाढ सोसेल काय, हा तो प्रश्न आहे.

त्याचा विचार करावयास अहिल्यानगर जिल्ह्यातील पुणतांबा हे गाव मोठे उद्बोधक आहे. गोदावरीच्या काठचे, दौंड-मनमाड लोहमार्गावरचे आणि चांगदेवांच्या समाधीमुळे भाविकांना परिचित असलेले हे गाव. ऊस, कांदा, पेरू आणि दूध ही या टापूची उत्पन्ने. कालव्याचे पाणी आले तेव्हापासून या टापूने उद्योगाचे बहुतेक प्रकार पाहिले आहेत. त्याने खाजगी साखर कारखाने पाहिले, कमाल जमीनधारणेचा कायदा आल्यावर त्या कारखान्यांच्या जमिनी शेती महामंडळाकडे गेलेल्या पाहिल्या, शेजारच्या लोणीत सहकारी कारखानदारी रुजलेली पाहिली. आणि २०१७ साली या गावाने स्वतःच असे काही सुरू केले की, ज्याची वाढ पाहून राज्य थक्क झाले.

ठराव एका गावाचा, संप राज्याचा

२०१७ च्या एप्रिलमध्ये पुणतांब्याच्या ग्रामसभेत शेतकऱ्यांनी संपावर जाण्याचा ठराव झाला. कारखान्यातील कामगार संप करतो, कचेरीतील नोकर करतो, मग शेतकऱ्यानेच का करू नये, असा तो सरळ प्रश्न होता. कर्जमाफी आणि उत्पादनखर्चावर आधारलेला हमीभाव या प्रमुख मागण्या होत्या. जवळपास दोन महिन्यांत या ठरावाने राज्य व्यापले. १ जून रोजी संप सुरू झाला आणि शहरांकडे जाणारे दूध व भाजीपाला रस्त्यातच अडले. एखाद्या गावाचा ठराव इतक्या थोड्या दिवसांत राज्याचा झाल्याची उदाहरणे फार नाहीत.

पुढे जे घडले तेही तितकेच बोधप्रद आहे. २ जूनच्या रात्री आंदोलकांच्या प्रतिनिधींची मुख्यमंत्र्यांशी बोलणी सुरू झाली, ती ३ जूनच्या पहाटेपर्यंत चालली आणि संप मागे घेतल्याची घोषणा झाली. उजाडताच नाशिक भागातील व इतरही ठिकाणच्या शेतकऱ्यांनी ती घोषणा अमान्य केली. बोलणी करावयास गेलेल्यांना तडजोडीचा अधिकार कोणी दिला, असा सवाल उघडपणे विचारला गेला. संप चालूच राहिला. निराळी सुकाणू समिती पुढे आली, ११ जून रोजी तिची व मंत्रिगटाची बोलणी होऊन कर्जमाफी तत्त्वतः मान्य झाली, आणि त्याच महिन्याच्या २४ तारखेस ३४,०२२ कोटी रुपयांची योजना जाहीर झाली.

पहाटेची ती तडजोड योग्य होती की अयोग्य, हा वाद येथे उकरावयाचा नाही. ध्यानात घ्यावयाची गोष्ट वेगळी आहे. ग्रामसभेत जो तो एकमेकांस ओळखत होता. कोण कोणाच्या वतीने बोलतो हे लिहून ठेवण्याची गरज नव्हती. राज्यभर पसरल्यावर ही ओळख पुरी पडेनाशी झाली. प्रतिनिधी कोणी निवडावयाचे, त्यांनी कोणत्या मर्यादेत बोलावयाचे, ठरले ते कोणापुढे मंजुरीस ठेवावयाचे, याची रचना आंदोलनाच्या वाढीइतक्या वेगाने उभी राहिली नाही. आंदोलन ही कंपनी नव्हे, हे खरे. पण वाढीचा नियम दोहोंस सारखाच लागू आहे. दहा संस्थापक झाडाखाली बसून जी कंपनी चालवितात, तिच्यात विश्वास हा माणसांवरचा असतो. सभासद दहा गावांचे झाले की तो विश्वास नियमांवर आणावा लागतो, आणि तो वाढ होण्यापूर्वी आणावा लागतो. वादळ सुटल्यावर छपराचे वासे बांधता येत नाहीत.

प्रवरेकाठचा धडा

असे वासे आधी बांधून ठेवण्याचे उदाहरण याच तालुक्यात आहे. आज ज्या राहाता तालुक्यात पुणतांबा मोडते त्याच तालुक्यात लोणी आहे. तेथे विठ्ठलराव विखे पाटलांनी १९२३ साली सहकारी पतपेढी काढली. १९४५ च्या डिसेंबरात बेलापूर रोड, म्हणजे आजचे श्रीरामपूर, येथे कालव्यांवरील बागायतदारांची परिषद भरली. अध्यक्षस्थानी पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक धनंजयराव गाडगीळ होते. तेथून जी चक्रे फिरू लागली त्यांतून प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि १९५० च्या अखेरीस त्याचा पहिला गळीत हंगाम सुरू झाला. सहकारी साखर कारखाने आंध्रात त्यापूर्वीही निघाले होते. तथापि महाराष्ट्राला ही वाट मोकळी करून दिली ती प्रवरेने.

या कारखान्याच्या इतिहासात विखे पाटलांच्या चिकाटीचे वर्णन पुष्कळ येते आणि ते यथार्थच आहे. गावोगाव फिरून, आपल्याच भाऊबंदांच्या शंका झेलून, भागभांडवल गोळा करणे ही सामान्य गोष्ट नव्हती. परंतु नेतृत्वाच्या दृष्टीने अधिक मोलाची गोष्ट पुढची आहे. कारखाना उभा करणाऱ्या या पुरुषाने अध्यक्षपदावर स्वतः न बसता तेथे गाडगिळांना बसविले, आणि पहिल्या दशकात, म्हणजे वाढीच्या खऱ्या वर्षांत, ते पद त्यांच्याकडेच राहिले. गाडगीळ ऊस पिकविणारे नव्हते, नात्यागोत्यातले नव्हते आणि कोणत्याही गावच्या गटातले नव्हते. त्यामुळे हिशेबाविषयी त्यांचा शब्द सर्वांना सारखाच परका आणि म्हणून सारखाच विश्वासार्ह होता. सभासदांची नाडी विखे पाटलांच्या हाती आणि कारभाराची शिस्त गाडगिळांच्या हाती, अशी ती वाटणी होती. जो माणूस लोकांना गोळा करू शकतो त्यालाच जमाखर्चही उत्तम जमेल असे नाही. जमला तरी त्याच्याच हिशेबावर त्याचीच सही असणे संस्थेस हितावह नसते. हे ओळखून अर्धी सत्ता आपण होऊन दुसऱ्याच्या हाती देणे, हा मोठेपणाइतकाच व्यवहारी शहाणपणाचा भाग होता.

दुसरी गोष्ट ऊसतोडीची. सहकारी कारखान्यांनी तोडणी आणि वाहतूक स्वतःकडे घेतली, आणि लागवडीची नोंद व उसाची पक्वता पाहून तोडणीचा क्रम लावण्याची पद्धत रूढ केली. ऊस वेळेवर तुटला नाही तर वजन घटते आणि शेत अडकून पडते. म्हणून हा क्रम म्हणजे सभासदाच्या वर्षाच्या कमाईचा प्रश्न असतो. नोंदवहीतील तारीख पाहून पाळी येते असे त्यास दिसले की, संचालकाच्या वाड्यावर खेटे घालण्याचे त्यास कारण उरत नाही. ज्या कारखान्यांत पुढे ही पाळी तारखेऐवजी गटातटांवरून लागू लागली, तेथे सभासदांचे मन उडाले आणि त्यांचा ऊस शेजारच्या कारखान्याकडे चालू लागला. साखरेच्या पट्ट्यातील वाचकांस याची उदाहरणे सांगावयास नकोत.

नफा वहीत, चणचण तिजोरीत

आता आजच्या उत्पादक कंपन्यांकडे वळू. त्यांच्या वाढीतील पहिला धोंडा पैशाचा असतो आणि तो अशा ठिकाणी असतो की, उत्साहाच्या भरात दिसत नाही. शेतकरी माल देतो तेव्हा त्यास पैसे रोख हवे असतात. ते मिळाले नाहीत तर तो दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्याकडे जातो. कंपनी ज्याला माल विकते तो मोठा खरेदीदार मात्र महिन्याने पैसे देतो. मधल्या महिन्याचा भार कंपनीने वाहावयाचा.

उदाहरणादाखल हिशेब मांडून पाहू. कंपनीचे ५०० सभासद आहेत आणि प्रत्येकाने २,००० रुपयांचे भाग घेतले आहेत. भांडवल १० लाख झाले. केंद्राच्या योजनेत तितकेच समभाग अनुदान मिळू शकते. ते धरून २० लाख. कंपनी रोज एक लाखाचा माल घेते आणि पैसे तीस दिवसांनी येतात. म्हणजे कोणत्याही दिवशी ३० लाख रुपये बाहेर अडकलेले असतात. १० लाखांची तूट पहिल्याच दिवसापासून आहे. आता चांगले नाव झाले, मागणी वाढली आणि रोजची खरेदी तीन लाखांवर गेली. अडकलेली रक्कम ९० लाख झाली. वर्षात ३०० दिवस काम चालले आणि रुपयामागे चार पैसे सुटले, तर पूर्वीच्या धंद्यात वर्षाकाठी १२ लाख शिल्लक राहणार. आणि वाढीसाठी अधिक हवेत ६० लाख. वही नफा दाखवीत असते आणि शनिवारी शेतकऱ्याला द्यावयास तिजोरीत पैसे नसतात. एक आठवडा पैसे थकले की बातमी गावात पसरते, दुसऱ्या आठवड्यास माल कमी येतो, आणि भरभराटीस आलेली कंपनी तिसऱ्या महिन्यात अडचणीत सापडते.

सहकारी साखर कारखान्यांनी यावर जो उपाय काढला तो कडू होता, परंतु उपाय होता. उसाच्या बिलातून परतीच्या आणि बिनपरतीच्या ठेवी कापून घेतल्या गेल्या आणि विस्ताराचा पैसा सभासदांच्याच घामातून उभा राहिला. उत्पादक कंपनीपुढची अडचण अशी की, तिचे भाग फक्त उत्पादकांनाच घेता येतात. बाहेरच्या धनिकाचे भांडवल तिच्यात सरळ येऊ शकत नाही. हे बंधन योग्यच आहे, कारण तेच तिची मालकी शेतकऱ्याकडे राखते. परंतु मग वाढीचा वेग किती ठेवावयाचा हे बाजारातील मागणीवरून न ठरविता स्वतःच्या भांडवलावरून ठरवावे लागते. ज्या दिवशी नवी मोठी मागणी येते त्या दिवशी ‘यंदा एवढेच देऊ’ असे सांगण्याचे धैर्य अध्यक्षाला दाखवावे लागते. हे धैर्य दुर्मिळ आहे, कारण सत्कार वाढीचे होतात, संयमाचे होत नाहीत.

या बंधनातून वाट काढल्याचे मोठे उदाहरण नाशिक जिल्ह्यात आहे. मोहाडी येथील सह्याद्री फार्म्स ही विलास शिंदे यांच्या नेतृत्वाखालील शेतकरी कंपनी द्राक्षांच्या निर्यातीतून वाढली. २०२२ साली तिच्या उद्योगात युरोपातील गुंतवणूकदारांचे ३१० कोटी रुपये आले. पण ते मूळ शेतकरी कंपनीत न येता काढणीपश्चात प्रक्रियेचे काम पाहणाऱ्या तिच्या उपकंपनीत आले. शेतकऱ्यांची मालकी एका जागी आणि बाहेरचे भांडवल दुसऱ्या जागी, अशी ही विभागणी आहे. ती सर्वांना साधेल असे नाही. तथापि, भांडवल कोठून आणावयाचे आणि कोणत्या दारातून आणावयाचे, हा प्रश्न वाढीपूर्वी सोडवावा लागतो, एवढे ती निश्चित दाखविते.

संस्थापकाने काय सोडावयाचे

दुसरा धोंडा माणसांचा. प्रारंभी संस्थापक सर्व काही करतो. तोच माल तपासतो, तोच गाडी भरतो, तोच खरेदीदाराशी भाव ठरवितो, आणि सभासदाच्या घरच्या लग्नासही तोच जातो. या सर्वस्पर्शी कर्तबगारीवरच कंपनी उभी राहते. आणि पुढे तीच तिची अडचण होते. काम पाचपट झाले तरी दिवसाचे तास पाचपट होत नाहीत. प्रत्येक निर्णय एका माणसाकडे जात राहिला की निर्णय तुंबतात, हाताखालची माणसे विचार करावयाचे सोडून देतात, आणि जी थोडी कर्तबगार असतात ती निघून जातात.

कायद्याने याचा विचार केलेला आहे. उत्पादक कंपनीस पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी नेमावा लागतो आणि तो सभासदांपैकी असून चालत नाही. धोरण संचालकांनी ठरवावयाचे आणि दैनंदिन कारभार पगारी, जाणत्या माणसाने करावयाचा, ही ती योजना. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी संचालकाचा पुतण्या अथवा गावातला एखादा पदवीधर तुटपुंज्या पगारावर या पदावर बसविला जातो आणि धनादेशाची वही अध्यक्षाच्याच खिशात राहते. असा अधिकारी अध्यक्षाला ‘नाही’ म्हणू शकत नाही. आणि ज्याला ‘नाही’ म्हणता येत नाही तो कितीही प्रामाणिक असला तरी संस्थेस वाचवू शकत नाही. गाडगिळांचे महत्त्व होते ते येथेच.

तिसरी गोष्ट मालाच्या प्रतीची. वीस शेतकऱ्यांचा माल नजरेने तपासता येतो, दोन हजारांचा येत नाही. २०१० साली युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांत वाढनियंत्रकाचा अंश मर्यादेपेक्षा अधिक आढळला आणि निर्यातदारांसह बागायतदारांनाही मोठी झळ सोसावी लागली. काही बागांतील औषधाने सर्वांच्या मालावर शिक्का बसतो, हा त्याचा अर्थ. म्हणून प्रत्येक पेटी कोणत्या शेतातून आली याची नोंद, आणि प्रतीत न बसणारा माल, मग तो अध्यक्षाच्या बागेतला का असेना, परत पाठविण्याचा नियम, हे दोन्ही पहिल्या शंभर सभासदांतच रुजवावे लागतात. हजार झाल्यावर नियम आणला की तो अन्याय वाटतो. शंभरांतच आणला की तीच पुढे त्या कंपनीची रीत होते.

आणि चौथी गोष्ट, जिच्यावाचून इतर तीन निष्फळ होत, ती सभासदाशी बोलण्याची. नवे सभासद वेगाने येतात तेव्हा त्यांना कंपनी का निघाली हे ठाऊक नसते. पाच रुपये अधिक मिळतात म्हणून ते आलेले असतात आणि सहा मिळाले की ते जातील. त्यांना मालक करावयाचे असेल तर वर्षातून एकदा चहा-फराळाची सर्वसाधारण सभा पुरणार नाही. गावनिहाय बैठका हव्यात, भाव कसा ठरला आणि कपात कशाची झाली हे साध्या मराठीत लिहिलेले बिल हवे, आणि तोट्याच्या महिन्याचा आकडाही नफ्याच्या आकड्याइतक्याच ठळकपणे फलकावर हवा. गैरसमजाला फुटण्यास वेळ लागत नाही. ३ जून २०१७ च्या सकाळी ते सर्वांनी पाहिले आहे.

सरकारनेही काही गोष्टी ध्यानात घ्यावयास हव्यात. केंद्राच्या योजनेत कंपनीच्या व्यवस्थापनखर्चासाठी तीन वर्षांत मिळून १८ लाख रुपयांपर्यंत साहाय्य आहे. जन्मास आलेल्या संस्थेस हे उपयुक्त आहेच. परंतु पहिली तीन वर्षे बहुधा नोंदणी, परवाने आणि ओळखी जमविण्यात जातात; खरी वाढ सुरू होते तेव्हा साहाय्य संपलेले असते. जन्माचे सोहळे आणि वाढीची उपेक्षा, ही आपल्या योजनांची जुनी खोड आहे. नव्या कंपन्यांची आणखी नोंदणी करण्याऐवजी चालत्या कंपन्यांना खेळते भांडवल, चांगला हिशेबनीस आणि चांगला अधिकारी ठेवण्याचे बळ मिळाले, तर तोच पैसा अधिक सत्कारणी लागेल. बँकांनीही गहाण जमिनीकडे पाहण्याऐवजी खरेदीदाराचे करार आणि मागील वर्षांची वेळेवर दिलेली बिले यांकडे पाहून कर्ज द्यावे.

पुणतांब्यास ज्यांची समाधी आहे त्या चांगदेवांची कथा महाराष्ट्रास ठाऊक आहे. चौदाशे वर्षांचे आयुष्य, योगसिद्धी आणि शिष्यांचा मोठा परिवार लाभलेल्या त्या पुरुषाने अखेर लहानग्या मुक्ताईस गुरू केले, असे परंपरा सांगते. जवळ सर्व काही असताना आपणांस काय येत नाही हे ओळखावे आणि ज्यास ते येते त्याच्यापुढे वय व मान बाजूला ठेवून बसावे, यापरते कठीण काम नाही. वाढत्या संस्थेच्या धुरिणांपुढे नेमके हेच काम आहे. ते त्यांनी वेळेवर केले, तर या हजारो कंपन्यांतून उद्याच्या भक्कम संस्था उभ्या राहतील. न केले, तर नोंदणीच्या वहीत त्यांची नावे राहतील आणि शेतकरी माल घेऊन पूर्वीच्याच आडत्याच्या दारात उभा राहील.